थिंकपॅड टी ४८० लॅपटॉप, रिफर्बिश्ड, लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला: मागे एन्कोडिंग, पुढे रेकॉर्डिंग, झेपतं का?

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईतले लोक सुटतील: घ्या. वीस हजारांच्या आत मिळत असेल, बॉडी धड असेल, रॅम सोळा जीबी असेल तर बिनधास्त घ्या. पण माझ्यासारखं एकाच वेळी मागे व्हिडिओ एन्कोड करायचा (म्हणजे दाबून फाइल बारीक करायची) आणि पुढे आवाज रेकॉर्ड करायचा असला तर नुसतं घेऊन भागत नाही, थोडा हात घालावा लागतो, आणि तो कुठे घालायचा हे ना दुकानदार सांगत ना यूट्यूबवाले, म्हणून हा रिव्ह्यू लांबलाय. कंटाळा आला तर शेवटचे दोन पॅरा वाचा आणि सुटा.

माझी गरज काय ते आधी. आमचा एकांकिकांचा ग्रुप आहे, तालीम परळला, प्रयोगाचं शूटिंग एका कॅमेऱ्यावर आणि दोन मोबाइलवर होतं, आणि त्या अवाढव्य फाइली बारीक करून सगळ्यांना पाठवायचं काम माझ्या गळ्यात. शिवाय मी छोटेमोठे व्हॉइसओव्हर करतो. आमच्या बिल्डिंगखाली दिवसभर भाजीवाले, टेम्पो, समोर रीडेव्हलपमेंटवाल्यांचा ब्रेकर, त्यामुळे माइक चालू करायचा तर रात्री अकरानंतरच. आणि एन्कोडिंगही रात्रीच, कारण सकाळी उठल्या उठल्या ग्रुपवर "लिंक टाक ना रे" सुरू होतं. म्हणजे दोन्ही कामं एकाच मशीनवर, एकाच वेळी. नवा तगडा लॅपटॉप घ्यायला खिशात दम नव्हता, म्हणून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तसं विचारलंत तर निम्मे लोक तुमच्या तोंडाकडे बघतील.

दुकानाचं नाव टाकत नाही, उगाच कोणाची जाहिरात नको आणि बदनामी पण नको. दुकानदार बोलका होता. "दादा, आठ कोरची मशीन आहे, काय पण चालवा, हँग होणार नाय." आता आठ कोर नाहीत हो. आतला प्रोसेसर इंटेलचा आय५-८२५०यू, त्यात कोर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, चार, आणि प्रत्येक कोर हायपरथ्रेडिंगमुळे ऑपरेटिंग सिस्टमला दोन असल्यासारखा दिसतो, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये आठ चौकोन. दुकानदार खोटं बोलत होता असं नाही, त्याला चौकोन आठ दिसतात तर तो आठ सांगणार. पण फरक खरा आहे आणि घरी पाच मिनिटांत बघता येतो. लिनक्समध्ये (विंडोजसारखीच, पण फुकटची ऑपरेटिंग सिस्टम) एलएससीपीयू कमांड दिली की कुठले दोन सीपीयू, म्हणजे ते चौकोन, एकाच कोरवरचे ते कळतं, माझ्याकडे शून्य आणि चार जोडीदार, एक आणि पाच जोडीदार, असं. मग एकच मोठी फाइल एकाच वेळी दोन जीझिपना (फाइल दाबणारा प्रोग्रॅम) दाबायला लावली, टास्कसेट (प्रोग्रॅमला ठरावीक सीपीयूवर बांधणारी कमांड) वापरून एकदा शून्य आणि एक नंबरवर बसवून, एकदा शून्य आणि चारवर बसवून. दोन्ही वेळा एचटॉपमध्ये (प्रत्येक सीपीयूला एक पट्टी दाखवणारा प्रोग्रॅम) दोन्ही पट्ट्या शंभर टक्के भरलेल्या. पण दुसऱ्या वेळी दोन्ही कामांना चांगलाच जास्त वेळ लागला, कारण कोर एकच आणि त्याच्या आतली आकडेमोड करणारी युनिटं दोघांत वाटली गेलेली. म्हणजे पट्टी शंभर दाखवते ती "हा कोणालातरी दिलेला आहे" एवढंच सांगते, किती काम झालं ते नाही. हे डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

मशीन विंडोज ११ प्रो टाकून मिळाली. इंटेलची आठवी पिढी असल्यामुळे ११ अधिकृतपणे चालतं, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला त्यामुळे हा मुद्दा सेकंडहँड घेताना महत्त्वाचाच आहे, सातव्या पिढीची स्वस्त मशीन कोणी गळ्यात मारत असेल तर सावध राहा. विंडोजवर काही दिवस काढले. वाईट नाही. विंडोजमध्ये प्रत्येक थ्रेडला (प्रोग्रॅममधल्या कामाचा एक धागा) शून्य ते एकतीस अशी प्रायॉरिटी असते, वरची सोळा रिअलटाइमवाल्यांची, आणि नियम सरळ आहे, वरच्या नंबरचा तयार असेल तर खालच्याने बाजूला व्हायचं, सारख्या नंबरवाल्यांनी आळीपाळीने. त्यात तुम्ही ज्या खिडकीत काम करताय तिच्या थ्रेड्सना एका वेळी जरा जास्त वेळ मिळतो. आणि एखादा बिचारा खालच्या नंबरचा थ्रेड साधारण चार सेकंद नुसता ताटकळला तर विंडोज त्याला थोड्या वेळापुरतं उचलून पंधरावर बसवतं, काम थोडं पुढे सरकलं की परत खाली. ही सोय मला आवडली. आवडलं नाही ते म्हणजे यूट्यूबवरचे सल्ले, "गेम लॅग होतोय? टास्क मॅनेजरमध्ये जाऊन रिअलटाइम करा!" अरे बाबांनो, मायक्रोसॉफ्ट स्वतःच लिहून ठेवतं की रिअलटाइमवाला प्रोग्रॅम जरा जास्त वेळ चालत राहिला तर माउससुद्धा हलेनासा होऊ शकतो. त्या मुलाचा गेम चालेल, पण तो बंद करायला माउस कुठून आणणार?

मग उबुंटू २४.०४ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं, कारण एन्कोडिंगच्या माझ्या सगळ्या स्क्रिप्ट लिनक्सच्या आहेत. आणि इथून खरी मजा.

एफएफएमपेगला (व्हिडिओ रूपांतर करणारा प्रोग्रॅम) फाइल दिली, त्यातला एक्स२६४ हा एन्कोडर सुरू झाला, आठही पट्ट्या लाल-हिरव्या, पंखा सुरू. माइक लावून रेकॉर्ड केलं, हेडफोनवर ऐकलं तर मध्येच "टक्". परत दोन वाक्यांनी "टक् टक्". एन्कोडिंग थांबवलं की आवाज स्वच्छ. कोणीही म्हणेल मशीन कमी पडतेय, आणि ग्रुपमधल्या एकाने तेच सांगितलं, "आय७ घ्यायला हवा होतास." पण रेकॉर्डिंगला सीपीयू लागतो किती? एन्कोडिंग बंद असताना एका कोरचे दोन-चार टक्के. आठ पट्ट्यांच्या मशीनमध्ये तेवढं मिळत नाही हे पटत नव्हतं.

जरा आकडे मांडून बघू. रेकॉर्डिंगचा बफर (आवाज तात्पुरता साठवायची जागा) मी २५६ सॅम्पलचा ठेवला होता, ४८ किलोहर्ट्झला, सेकंदाला ४८ हजार सॅम्पल. म्हणजे दर ५.३३ मिलिसेकंदांनी आवाजाचा एक घास तयार होतो आणि पुढचा यायच्या आत तो उचलायला त्या थ्रेडचा नंबर लागलाच पाहिजे. दुसऱ्या बाजूला एक्स२६४ला थ्रेड किती हे आपण सांगितलं नाही तर तो आपणहून दिसणाऱ्या सीपीयूंच्या दीडपट काढतो, आठाचे बारा, वर मूळ व्हिडिओ उलगडणारे वेगळे. हे सगळे कायम भुकेले, कधी झोपत नाहीत. आठ सीपीयूंच्या मशीनवर या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) एका थ्रेडला एका वेळी मिळणारा तुकडा साधारण तीन मिलिसेकंदांचा. समजा माझा आवाजवाला थ्रेड जागा झाला आणि त्याच्या पुढे रांगेत असा एक भुकेला आहे, तीन मिलिसेकंद गेले, चालून जाईल. दोन असले, सहा गेले, घास हुकला, टक्. बस. दिवसभराचा हिशेब काढलात तर त्या थ्रेडला हवा तेवढा सीपीयू मिळालाच आहे, मिळायला उशीर झाला एवढंच.

मुंबईत राहणाऱ्याला हे समजवायला नको खरं तर. दोन बिल्डिंगना पालिकेचं पाणी दोन-दोन तासच, पण एकीला सकाळी सहाला आणि दुसरीला पहाटे तीनला, कागदावर वाटणी एकदम समान आणि पहाटे उठून बादल्या भरणारीला विचारा समान आहे का. लिनक्सचा जुना शेड्यूलर (कोणाला सीपीयू कधी द्यायचा ते ठरवणारा भाग), सीएफएस, जो इंगो मोल्नारने लिहिला आणि २००७ मध्ये २.६.२३ या कर्नलबरोबर आला, तो मुख्यतः किती तास याचा हिशेब ठेवायचा. ज्याने आत्तापर्यंत सगळ्यात कमी खाल्लंय त्याला पुढे बोलवा, हे त्याचं तत्त्व, आणि खाल्लेलं मोजताना वजनाने भागायचं, म्हणजे महत्त्वाच्या थ्रेडचं घड्याळ हळू चालतं. पंधरा-सोळा वर्षं जगभरचे सर्व्हर आणि मोबाइल यावर चालले, त्यामुळे नावं ठेवायची माझी लायकी नाही. पण किती वाजता हा प्रश्न त्याच्याकडे ठोकताळ्यांवर सुटायचा. ऑक्टोबर २०२३ च्या ६.६ कर्नलपासून पीटर झाइल्स्ट्राने ते बदलून ईईव्हीडीएफ आणला, ज्याची मूळ कल्पना आयन स्टोइका आणि हुसेन अब्देल-वहाब यांनी १९९५ सालीच मांडलेली होती. यात दोन चाळण्या. आपल्या वाट्याहून जास्त खाऊन बसलेला आत्ता पात्रच नाही, आणि जे पात्र आहेत त्यांच्यात ज्याची डेडलाइन सगळ्यात जवळची त्याचा नंबर. छोटा तुकडा मागणाऱ्याची डेडलाइन जवळची येते, म्हणजे वाटा न वाढवता लवकर नंबर लावता येतो. फक्त प्रोग्रॅमने स्वतःहून छोटा तुकडा मागायची सोय ६.१२ कर्नलपासून आहे, आणि माझ्या २४.०४ सोबत आलेला कर्नल ६.८, त्यामुळे माझ्याकडे सगळ्यांना तुकडा सारखाच.

जाता जाता, या सगळ्या भांडणातला मला सगळ्यात आवडलेला माणूस कॉन कोलिवास. ऑस्ट्रेलियातला भूलतज्ज्ञ, दिवसा ऑपरेशन थिएटर आणि उरलेल्या वेळात कर्नल! मोठ्या सर्व्हरचे आकडे सुधारण्याच्या नादात घरच्या कॉम्प्युटरवर गाणं अडखळतं याकडे कोणी बघत नाही म्हणून त्याने स्वतःचे शेड्यूलर लिहिले, मोल्नारने सीएफएस आणताना त्याच्या कामाचं श्रेय जाहीर दिलं, पण कोड मात्र त्याचा घेतला गेला नाही. २००९ मध्ये त्याने परत बीएफएस नावाचा एक काढला. माझी टक् टक् त्याला कळली असती.

असो. मग केलं काय? पहिला आणि सगळ्यात फुकटचा उपाय, नाइस. लिनक्समध्ये नाइसचा आकडा उणे वीस ते एकोणीस, जितका जास्त तितका थ्रेड नमतं घेणारा. हे नुसतं वाचून कळत नाही, एकदा करून बघाच. एकाच टर्मिनलमधून येस ही कमांड (थांबवेपर्यंत नुसत्या ओळी छापत राहते) दोनदा सुरू करा, आउटपुट कचऱ्यात सोडा आणि टास्कसेटने दोन्ही तीन नंबरच्या सीपीयूवर बांधा. टॉपमध्ये (कोण किती सीपीयू खातं ते दाखवणारी कमांड) दोघं पन्नास-पन्नास. आता एकाचा नाइस पाच करा. एका सेकंदात आकडे सरकतात आणि पंच्याहत्तर-पंचवीसला जाऊन बसतात. कारण नाइस शून्यचं वजन १०२४ आणि नाइस पाचचं ३३५, भागाकार करा, तेवढंच येतं. प्रत्येक पायरी साधारण सव्वापटीची. मग त्यालाच एकोणीस करा, वजन फक्त १५, आणि टॉपमध्ये तो दीड टक्क्यावर येऊन गप्प बसतो. मेला नाही, उपाशी पण नाही, पण कोणाच्या पायात येत नाही. आणि पहिला बंद केलात की हाच दीड टक्केवाला लगेच शंभरवर! म्हणजे नाइसने काम हळू होत नाही, दुसरं कोणी मागणारं असेल तेव्हाच ते बाजूला होतं. लोकांना वाटतं एन्कोडिंगला नाइस एकोणीस केलं तर सकाळपर्यंत संपणार नाही. संपतं. माझं रेकॉर्डिंग दोन-चार टक्के खातं, तेवढाच काय तो फरक पडतो. एक लक्षात ठेवा, आकडा वाढवायला कोणाची परवानगी नको, पण परत कमी करायला रूट (मुख्य ॲडमिन) लागतो, त्यामुळे चुकून भलत्याच प्रोग्रॅमला एकोणीस दिलात तर पासवर्ड टाकत बसा.

एफएफएमपेगच्या स्क्रिप्टमध्ये पुढे नाइस जोडलं आणि टक् टक् जवळजवळ गेली. जवळजवळ. उरलेलीसाठी बफर २५६ वरून १०२४ केला, म्हणजे ५.३३ च्या जागी २१ मिलिसेकंदांची मुदत. व्हॉइसओव्हरला चालतं, मी स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकत बोलत नाही. गाणारे, हार्मोनियम वाजवत रेकॉर्ड करणारे असाल तर एवढा उशीर कानाला लागतो, तुम्हाला बफर छोटाच ठेवावा लागेल आणि मग रिअल टाइमच्या वाटेला जावं लागेल.

त्याबद्दल थोडं. लिनक्समध्ये नाइसवाल्या सगळ्या जनतेच्या डोक्यावर एक वेगळा वर्ग आहे, तिथला थ्रेड जागा झाला की खालचा कोणीही असो, नाइस उणे वीस असला तरी, त्याने उठायचं. पाइपवायरचा (लिनक्समधला आवाज सांभाळणारा प्रोग्रॅम) आवाज पुढे ढकलणारा थ्रेड याच वर्गात असतो, म्हणून एन्कोडिंग चालू असताना गाणी ऐकायला अडचण येत नाही. माझी अडचण होती ती त्याच्याकडून आवाज घेऊन फाइलमध्ये टाकणाऱ्या ॲपच्या साध्या थ्रेडची. सीएचआरटी कमांडने कुठला थ्रेड कुठल्या वर्गात ते दिसतं, बघून घ्या, अंदाजाने बोलू नका. आणि इथे लिनक्सने एक शहाणपणा केलाय, रिअल टाइमवाल्यांना मिळून दर सेकंदातले जास्तीत जास्त ९५० मिलिसेकंद, उरलेले ५० सामान्य जनतेला राखीव. त्यामुळे एखादा रिअल टाइम प्रोग्रॅम पिसाळला तरी तुम्ही रडतखडत का होईना टर्मिनल उघडून त्याला मारू शकता.

आता एक गोम, जिच्यात माझा भाचा अडकला. तो इंजिनिअरिंगला आहे, मशीन अधूनमधून तोच पळवतो. म्हणतो, "मामा, नाइस लावलं तरी काही फरक पडत नाहीये." बघितलं तर त्याने एक काम कंटेनरमध्ये (वेगळ्या बंदिस्त गटात) चालवलेलं आणि दुसरं बाहेर. नाइसचं वजन फक्त आपापल्या गटात चालतं. कर्नल आधी गटागटांत वाटणी करतो, मग प्रत्येक गटाच्या आत नाइस बघतो, त्यामुळे दुसऱ्या गटातल्याला तुमच्या नम्रतेचा काहीएक उपयोग नाही. अशा वेळी गटाचंच वजन कमी करायचं, सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) सीपीयूवेट असतं, डिफॉल्ट शंभर, तिथे वीस द्या. त्याच भाच्याची दुसरी तक्रार, आठ थ्रेडची पायथन स्क्रिप्ट लिहिली तरी एकच पट्टी भरते. ते लॅपटॉपचं पाप नाही रे बाबा, नेहमीच्या पायथनमध्ये एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवू शकतो, बाकीचे कुलूप सुटायची वाट बघतात, आणि ते दर पाच मिलिसेकंदांनी मागितलं जातं. कर्नलच्या दारात यायच्या आधीच आतल्या आत भांडण. मल्टीप्रोसेसिंग वापर म्हटलं, गेला.

मोजायचं कसं, हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग. लोक लोड ॲव्हरेज (रांगेत सरासरी किती कामं आहेत तो आकडा) बघून घाबरतात. परवा माझ्याकडे लोड पाच होतं आणि सीपीयू रिकामा, कारण स्वस्तातल्या पेनड्राइव्हवर कॉपी चालू होती. लिनक्स लोडमध्ये डिस्कसाठी अडकून बसलेलेही मोजतं. सीपीयू टक्के बघून पण काही कळत नाही, ते वर जीझिपच्या वेळी बघितलंच. बघायचं ते प्रेशर. ४.२० कर्नलपासून प्रॉक फोल्डरमध्ये प्रेशर नावाची जागा आहे, तिथे गेल्या दहा सेकंदांत किती टक्के वेळ कोणीतरी सीपीयूसाठी ताटकळत होतं ते सरळ लिहिलेलं असतं. पूर्ण मशीनचा आकडा एन्कोडिंग चालू असताना मोठाच येणार, बारा जण आठ जागांसाठी भांडतायत, त्यात काय विशेष. पण प्रत्येक गटाची स्वतःची सीपीयू डॉट प्रेशर फाइल असते, त्यातली रेकॉर्डिंगवाल्या गटाची उघडायची. नाइस लावायच्या आधी तिथे आकडे हलत होते, लावल्यावर शून्याच्या आसपास. कान आणि फाइल एकच सांगत होते. अजून एक गंमत, प्रत्येक थ्रेडच्या स्टेटस फाइलमध्ये दोन ओळी असतात, एक स्वतःहून किती वेळा सीपीयू सोडला, दुसरी किती वेळा हिसकावून घेतला गेला. रेकॉर्डिंगवाल्याची पहिली मोठी, एन्कोडिंगवाल्यांची दुसरी भराभर वाढणारी. कोण सोशिक आणि कोण खादाड ते बसल्या जागी कळतं.

आता हार्डवेअरकडे, नाहीतर म्हणाल रिव्ह्यू कसला हा. हा १५ वॉटचा प्रोसेसर. पाटीवर टर्बो ३.४ गिगाहर्ट्झ, मूळ वेग १.६, आणि आठही पट्ट्या अर्धा तास भरलेल्या राहिल्या की वेग या दोघांच्या मध्ये कुठेतरी स्थिरावतो. शेड्यूलर वेळ वाटतो, काम नाही. गरम झालेल्या मशीनवर तेच तीन मिलिसेकंद मिळतात पण त्यात काम कमी होतं, आणि मग मुदतीत न बसणारे थ्रेड वाढतात. म्हणून जुना लॅपटॉप घेतलात की पहिल्यांदा थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप) बदला. माझ्या मशीनमधली वाळून खडू झाली होती, आधीच्या मालकाने बहुतेक कधी उघडलाच नसेल. बदलल्यावर त्याच फाइलला पंखा कमी ओरडतो, आणि रेकॉर्डिंगवाल्याला पंख्याचा आवाज हा वेगळाच त्रास असतो हे सांगायला नको. तरीही माइक लॅपटॉपपासून लांब ठेवा, पावसाळ्यात खिडकी बंद केली की खोलीत दुसरा आवाजच उरत नाही. बॅटरीवर असताना वेग अजून खाली ठेवला जातो, त्यामुळे एन्कोडिंग चार्जर लावूनच करा. बॅटऱ्या दोन आहेत, एक आत, एक मागून काढता येणारी, मागची लॅपटॉप चालू असतानाच बदलता येते, तालमीच्या हॉलमध्ये जिथे एकच प्लग आणि त्यावर लाइटवाल्याचा कब्जा असतो तिथे ही गोष्ट सोन्याची. कीबोर्ड झक्कास. लॅनचं पोर्ट आहे, एसडी कार्डचा खाचा आहे, एचडीएमआय आहे, कॅमेऱ्यावाल्याला अजून काय हवं.

नवा घ्यावा का असं विचाराल तर तुमच्या कामावर आहे. इंटेलने २०२१ च्या बाराव्या पिढीपासून कोर दोन जातींचे केलेत, दणकट आणि काटकसरी, आणि कुठला थ्रेड कुठे बसवायचा हे ऑपरेटिंग सिस्टमने ठरवायचं, प्रोसेसर फक्त सुचवतो. नुसत्या एन्कोडिंगला नवा किती तरी पटीने भारी, वादच नाही. पण मित्राच्या नव्या मशीनवर विंडोजमध्ये एन्कोडिंगची खिडकी मिनिमाइज केली की काम काटकसरी कोरवर सरकायचं आणि वेळ वाढायचा, त्याला वाटत होतं सॉफ्टवेअर बिघडलं. या टी ४८० मध्ये चारही कोर एकाच जातीचे, कोण कुठे बसला याची फिकीर नाही. तसंच एखाद्या प्रोग्रॅमला टास्कसेटने कायमचं एका कोरवर बांधून ठेवायचा मोह होईल, चाचणीपुरतं ठीक, रोजच्या कामात करू नका, शेजारचा कोर रिकामा पडलेला असतो आणि तुमचा थ्रेड तिथे जाऊ शकत नाही. ते काम कर्नल आपल्याहून बरं करतो.

घेताना काय बघायचं: पेनड्राइव्हवर लाइव्ह उबुंटू घेऊन जा आणि दुकानातच बूट करून मागा. नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात. एचटॉपमध्ये आठ पट्ट्या आहेत का बघा, कारण याच मॉडेलमध्ये वेगवेगळे प्रोसेसर येतात. स्क्रीन फुल एचडी आहे ना विचारा, १३६६ बाय ७६८ वाली पण मिळते आणि ती टायमलाइनच्या कामाला छोटी पडते. येस कमांड आठ वेळा सुरू करून दहा मिनिटं चहा प्या, मग वेग किती उरलाय आणि पंखा कसा वाजतोय ते बघा, वेग मूळ १.६ च्या खाली जात असेल तर पेस्ट गेलेली आहे, तेवढे पैसे कमी करून घ्या. रॅमचे दोन स्लॉट आहेत, दोन्हीत आठ-आठ असेल तर उत्तम. बॅटरीची तब्येत तिथेच बघा, मला आतली ठीक आणि मागची जवळजवळ संपलेली मिळाली, दुकानदाराने आपणहून सांगितलं नाही, विचारल्यावर मात्र कुरकुर न करता दुसरी दिली, आणि बिलावर सीरियल नंबर लिहून सहा महिन्यांची वॉरंटी पण. त्यासाठी अर्धा स्टार परत. एकूण साडेचार. अर्धा कापलाय तो "आठ कोर" साठी.